दुर्बीण नंतर, आधी तिथी बघा

नवी मुंबईतल्या करावे गावाजवळ पक्षी बघायला किती वाजता जावं? ‘पहाटे’ हे ठरलेलं उत्तर इथे चालत नाही. इथले पक्षी खाडीचं वेळापत्रक पाळतात. ठाणे खाडीला भरती आली की चिखल पाण्याखाली जातो, पाय टेकायला जागा उरत नाही. मग रोहित, म्हणजे फ्लेमिंगो, थव्याथव्यानं उठतात आणि टी. एस. चाणक्य या नौवहन प्रशिक्षण संस्थेच्या मागची पाणथळ, एनआरआय संकुलामागची तळी, शाळेजवळचं डीपीएस तळं अशा ठिकाणी येऊन उभे राहतात. ओहोटी लागली की पुन्हा खाडीत, जेवायला.

भरतीची वेळ काढायला ॲप नको, भिंतीवरचं कॅलेंडर पुरे. किनाऱ्यावरचा जुना हिशेब आहे: तिथीची पाऊणपट करा. चतुर्थी असेल तर तीन, अष्टमीला सहा; दिवसाही आणि रात्रीही, थोडं मागेपुढे. म्हणजे संकष्टीचा उपास असेल तर दुपारी दीडलाच हार्बर लाईनच्या सीवूड्सला उतरा, चंद्रोदयापर्यंतचा वेळ बरा जाईल. पुनव-अवसेच्या उधाणाला पाणी साडेचार मीटरच्याही वर चढतं. तेव्हा तळ्यांवर खरी गर्दी. मात्र भरती ऐन बाराच्या उन्हात, टोपी न्याच. अष्टमीच्या आसपास भांग असतो, पाणी फार चढत नाही, मग थवेही विरळ.

मोसम साधारण नोव्हेंबर ते मे.

आता जरा जवळून. रोहित जेवताना डोकं चक्क उलटं धरतो. वरची चोच खाली, खालची वर. जीभ पिचकारीच्या दट्ट्यासारखी पुढेमागे करत तो पाणी आत ओढतो, चोचीच्या कडेच्या बारीक दातेरी झालरीतून गाळून बाहेर टाकतो, शेवाळ तेवढं आत ठेवतो. गुलाबी रंग त्या शेवाळाचाच. पिल्लं जन्मतात ती राखाडी. आणि उलट्या बाजूला वाकणारा तो ‘गुडघा’ म्हणजे घोटा. खरा गुडघा वर पिसांत झाकलेला असतो. चोच गडद लाल, जवळजवळ काळपट दिसली तर तो छोटा रोहित. चोच फिकी गुलाबी आणि टोकाला काळी, उंचीही जास्त, तर मोठा.

सगळे कॅमेरे गुलाबी रंगावर रोखलेले असतात, म्हणून बाकीच्यांवर अन्याय होतो. लाल काड्यांवर चालणारा शेकाट्या बघा, वर वळलेल्या चोचीचा उचाट बघा. तिवरांच्या कडेला ढोकरी निवटीवर नजर ठेवून इतकी स्तब्ध असते की उडाल्यावरच कळतं, इथे कुणीतरी होतं.

बीएनएचएसने, म्हणजे बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने, 2022 मध्ये इथल्या काही रोहितांना उपग्रह-ट्रान्समीटर बसवले. त्यातल्या एकाचं नाव हुमायून. बादशहाशी संबंध नाही, पक्षितज्ज्ञ हुमायून अब्दुलअलींवरून ठेवलेलं. स्वारी पुढे गुजरातेत पोचली.

डीपीएस तळं जेमतेम 30 एकरांचं. 2024 मध्ये भरतीचं पाणी आत येण्याची वाट बुजली, तळं सुकलं आणि रोहित मेल्याच्या बातम्या आल्या. 2025 मध्ये त्याला संवर्धन राखीव क्षेत्र करायला मंजुरी मिळाली. चाणक्यच्या बाजूला तर गोल्फ कोर्स होणार होतं. 2018 मध्ये उच्च न्यायालयाने तो बेत अडवला. चौकाचौकांत रोहितांचे पुतळे उभारणाऱ्या शहराला जिवंत रोहितांसाठी कोर्टात जावं लागतं, हेही इथलंच.

नाव हवी असेल तर ऐरोली गाठा. वन विभागाच्या जैवविविधता केंद्रातून खाडीत बोट निघते, तीही भरती बघूनच. ठाणे खाडी 2015 मध्ये रोहितांचं अभयारण्य झाली, 2022 मध्ये आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळांच्या रामसर यादीत गेली.

चिखलाचा कंटाळा आला तर पनवेलच्या पुढे कर्नाळा, 1968 पासूनचं अभयारण्य. तिथे झाडीतले पक्षी: शेपटीला दोन लांब तारा लावून फिरणारा भृंगराज, पांढऱ्या फितीचा स्वर्गीय नर्तक. पावसाळ्यात ओढ्याकाठी कुणी रिकामटेकडा पोरगा शीळ घालतोय असं वाटलं तर चिडून मागे वळू नका. तो शीळकरी कस्तुर असतो.