जिग: विमानाच्या कारखान्यापासून बाल्कनीपर्यंत

बंगळूरमधल्या जिगचा आढावा घ्यायचा तर सुरुवात सुताराच्या पडवीतून नव्हे, विमानाच्या कारखान्यातून करावी लागते. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी म्हैसूर संस्थानच्या साथीनं 1940 च्या डिसेंबरात इथं हिंदुस्थान एअरक्राफ्ट काढली. वायुगतिकीतज्ज्ञ प्रांटलच्या हाताखाली शिकून आलेले कोल्हापूरकडचे डॉ. विष्णू माधव घाटगे तिथं रुजू झाले. त्यांनी आखलेलं एचटी-2 हे विमान 1951 साली उडालं. दहावा पंख पहिल्यासारखा यायचा तर कारागिराच्या नजरेवर भागत नाही, सांगाडा जिगमध्येच, म्हणजे तुकडे ठरल्या जागी धरून ठेवणाऱ्या साच्यातच, जुळवावा लागतो. मग आयटीआय, एचएमटी, बीईएल. ही जंत्री दरवर्षी कुणीतरी देतंच. मला गोडी आहे ती या कारखान्यांच्या टूलरूममधून निवृत्त होऊन घरच्या गॅरेजमध्ये लाकूड कापत बसलेल्या काकामंडळींची. टेप त्यांच्या खिशात असायचा, पण क्वचितच बाहेर निघायचा.

त्यांच्याकडून मी उचललं ते स्लेडचं, म्हणजे फळी पात्याकडे सरळ सरकवत नेणाऱ्या पाटाचं, वेड. आपल्याकडे टेबल सॉ विकत घेणारे थोडे. बहुतेकांची हातातली सर्क्युलर सॉ उलटी करून प्लायच्या टेबलाखाली बसवलेली. अशा टेबलाला खाचा नसतात, म्हणून स्लेडच्या खालची पट्टी टेबलाच्या बाहेरच्या कडेला घासत चालवायची. पट्टी जुन्या सागवानाची घ्यावी आणि वर्षकड्या कुठल्या बाजूला आहेत ते बघून घ्यावी. कड्यांच्या रोखानं लाकूड त्रिज्येच्या दिशेपेक्षा साधारण दुप्पट फुगतं. तुमच्या टेबलाला खाच असलीच आणि तिच्यात चालणारी पट्टी चुकीच्या बाजूनं कापलेली असेल तर जुलैत ती अडकलीच म्हणून समजा.

खरी गंमत फेन्स, म्हणजे फळी टेकवायची स्लेडवरची आडवी पट्टी, पात्याशी काटकोनात आणण्यात आहे. दुकानातल्या गुण्यावर माझा विश्वास नाही. फळीची एक बाजू कापा, ती कापलेली बाजू फेन्सला टेकवून पुढची कापा. चारही बाजू झाल्या की पाचव्या वेळी पुन्हा पहिल्या बाजूची अरुंद पट्टी काढा आणि तिची दोन्ही टोकं कॅलिपरनं मोजा. 400 मिमी लांबीच्या पट्टीचं एक टोक 20.0 आणि दुसरं 20.4 भरलं, तर चूक चारपट होऊन समोर आली आहे. खरी चूक 400 मिमीत 0.1. फेन्सचा एक स्क्रू टेकूसारखा ठेवून 600 मिमीवरचं दुसरं टोक 0.15 नं सरकवायचं. मागे ठोकळा क्लॅम्प करा, मध्ये फीलर गेजचं तेवढं पान घाला, स्क्रू आवळा. कुठल्या दिशेला सरकवायचं हे पहिल्यांदा सगळेच उलटं करतात, मग पुन्हा पाच काप!

यानंतर राहिला तो स्टॉपचा, म्हणजे तुकड्याचं टोक टेकवायचा, ठोकळा. त्याचा खालचा कोपरा तासून टाका, नाहीतर तिथं भुसा साचतो आणि पुढचा तुकडा तेवढा आखूड येतो. पेटीच्या समोरासमोरच्या फळ्या 300 ऐवजी 299.6 झाल्या तरी बिघडत नाही. एक 300 आणि दुसरी 299.6 झाली की सांधा तोंड उघडतो. लांबी बरोबर येण्यापेक्षा सारखी येणं महत्त्वाचं, हे मी इतक्यांदा लिहिलंय की संपादक आता ते वाक्य न वाचताच छापतात.

यावर ‘जिगनं हात बिघडतो’ म्हणणारे एक विद्वान आहेत. त्यांच्या मते खरा सुतार नजरेनं कापतो. एक तुकडा कापेलही. इंग्लंडमधल्या पोर्ट्समथच्या गोदीत ब्रुनेल या अभियंत्यानं दोनशे वर्षांपूर्वी जहाजांच्या कप्प्या यंत्रांवर करायला घेतल्या त्या काय सुतारांना नजर नव्हती म्हणून? हजारोंनी कप्प्या लागत होत्या म्हणून. दुसरा पंथ सीएनसीवाल्यांचा, म्हणजे संगणकानं चालणाऱ्या यंत्रावर कापणाऱ्यांचा. त्यांच्याशी माझं भांडण नाही. त्यांच्या यंत्रातही कुणीतरी आधी लाकडाची फळी पकडून ठेवण्याची सोय करतंच, आणि तिला जिगचाच भाऊबंद म्हणावं लागतं.

मला चीड येते ती तयार अॅल्युमिनियमच्या चकचकीत जिगांची. मल्लेश्वरमच्या अठराव्या क्रॉसवर काष्ठविज्ञान संस्था आहे, म्हैसूर रस्त्याकडे लाकडाच्या वखारी आहेत, आणि आमची तरुण मंडळी बाल्कनीतल्या कामासाठी रंगीत अॅनोडाइझ केलेला स्टॉप घरपोच मागवतात. तो वाईट नसतो. पण पाच काप कापून बघितले का, असं विचारलं की समोरचा खोक्यावर छापलेली अचूकता वाचून दाखवतो.