बिलाचं सॉफ्टवेअर स्वतःच्या सर्व्हरवर टाकायला एक संध्याकाळ लागते, पण तीच बिलं २०३१ पर्यंत सांभाळावी लागतात

कर्जत आणि खालापूर, रायगडमधले दोन शेजारी तालुके. कर्जत, नेरळ, भिवपुरीच्या बाजूला फार्महाउस आणि रिसॉर्ट. शुक्रवारी संध्याकाळी मुंबई-पुण्याच्या गाड्या यायला लागल्या की धंदा सुरू, रविवारी चेकआउट झाला की सगळं शांत. खालापूरचा नूर वेगळा. खोपोलीतले कारखाने, पाताळगंगेची एमआयडीसी, एक्स्प्रेसवेच्या कडेची गोदामं आणि या सगळ्यांच्या कामावर चालणारी फॅब्रिकेशनची वर्कशॉप, ट्रान्सपोर्टवाले, लेबर कॉन्ट्रॅक्टर.

धंदे वेगळे, पण एक गोष्ट दोन्हीकडे सारखी. जीएसटीआर-१ भरायची ११ तारीख जवळ आली की सीएचा फोन येतो, "बिलं पाठवा."

ही बिलं कुठे असतात? कुणाची छापील बिलबुकात, कुणाची एक्सेलमध्ये, तर बऱ्याच जणांची आता मोबाईलच्या ॲपमध्ये. ॲप सोयीचं असतं यात वाद नाही. पण वर्षाचं सबस्क्रिप्शन भरताना कधी ना कधी एक प्रश्न पडतोच. उद्या पैसे भरणं थांबवलं तर आपली जुनी बिलं आपल्याला दिसणार का? या प्रश्नाचं उत्तर शोधत माणूस गुगलवर जातो आणि तिथे त्याला एक शब्द सापडतो, सेल्फ-होस्टेड.

म्हणजे नेमकं काय?

सॉफ्टवेअर कंपनीच्या सर्व्हरवर न वापरता, त्याचा कोड उतरवून घ्यायचा आणि आपल्या ताब्यातल्या कॉम्प्युटरवर चालवायचा. बिलं, ग्राहकांची यादी, दर, येणी, सगळं आपल्या डेटाबेसमध्ये. बँकेतला लॉकर सोडून घरात तिजोरी आणण्यासारखं हे आहे. किल्ली तुमची, चोराची काळजीही तुमचीच.

यासाठी बहुतेक लोक लिनक्स वापरतात. लायसन्सचे पैसे लागत नाहीत, जुन्या मशीनवरही चालतं आणि महिनोन्‌महिने बंद न करता चालू राहतं.

सॉफ्टवेअरमध्ये तीन नावं वारंवार समोर येतात. पहिलं इन्व्हॉइसप्लेन, अगदी हलकं आणि साधं. दुसरं इन्व्हॉइस निंजा, दिसायला देखणं, कोटेशनपासून ऑनलाइन पेमेंटपर्यंत सगळं असलेलं. स्वतः होस्ट करायला पैसे नाहीत, बिलाखालचं त्यांचं नाव काढायचं असेल तर वर्षाला शुल्क भरावं लागतं. आणि तिसरं ईआरपीनेक्स्ट. हे नाव महत्त्वाचं, कारण ते आपल्या मुंबईचं आहे.

ऋषभ मेहता हे इंजिनिअर. घरचा फर्निचरचा धंदा होता. तो सांभाळणारं सॉफ्टवेअर हवं होतं, पण मनासारखं बसेना, तेव्हा त्यांनी स्वतःच लिहायला घेतलं. २००८ मध्ये त्यातून कंपनी उभी राहिली, तीच आजची फ्रॅपे. कोड सगळ्यांसाठी खुला ठेवला. आज जगभरातले धंदे ईआरपीनेक्स्ट वापरतात, आणि भारतातल्या जीएसटीसाठी त्यावर इंडिया कम्प्लायन्स नावाचं मोफत ॲप बसवता येतं. निंजा आणि प्लेन बाहेरच्या देशांत जन्मले. त्यांना कर म्हणजे एक टक्केवारी एवढंच समजतं. सीजीएसटी, एसजीएसटी, एचएसएन कोड हे सगळं तुम्हालाच बसवावं लागतं.

मग सगळ्यांनी ईआरपीनेक्स्टच का घेऊ नये? कारण ते दांडगं आहे. त्यात स्टॉक, पगार, खरेदी, उत्पादन सगळं येतं आणि सर्व्हरला साधारण चार जीबी रॅम लागते. सहा खोल्यांच्या फार्मस्टेला ते म्हणजे वांगी आणायला ट्रक काढण्यासारखं. पाताळगंगेत माल, स्टॉक, डिलिव्हरी चलन अशी उलाढाल असलेल्याला मात्र ते शोभतं.

सर्व्हर ठेवायचा कुठे?

इथे दोन रस्ते. एक, ऑफिसातलाच जुना कॉम्प्युटर. दुसरा, महिन्याच्या भाड्याने मिळणारा व्हीपीएस, म्हणजे मोठ्या डेटा सेंटरमधल्या मशीनचा आपल्यासाठी राखून ठेवलेला तुकडा. मुंबई आणि बंगळुरूत असे सर्व्हर सहज मिळतात आणि लहान धंद्याला एक-दोन जीबीचा पुरतो.

जुना कॉम्प्युटर फुकट वाटतो खरा. पण त्याला वीज लागते. खोपोलीचं टाटांचं जलविद्युत केंद्र १९१५ पासून मुंबईला वीज पुरवतंय, तरी जुलैत घाटाखाली तारेवर झाड पडलं की त्याच पट्ट्यात मेणबत्त्या शोधाव्या लागतात. डेटाबेस लिहिता लिहिता वीज गेली की बिलांचा टेबल बिघडू शकतो, त्यामुळे चांगला यूपीएस हवाच. दुसरी अडचण इंटरनेटची. घरगुती ब्रॉडबँडवर बहुतेक वेळा स्वतःचा कायमचा आयपी मिळत नाही, एकाच पत्त्यामागे अनेक ग्राहक बसवलेले असतात. त्यामुळे बाहेरून तुमच्या मशीनपर्यंत पोहोचता येत नाही. बिल फक्त ऑफिसातच करायचं असेल तर हरकत नाही. मालक मुंबईत आणि मॅनेजर कर्जतला, असं असेल तर व्हीपीएसच बरा.

आता बसवायचं कसं?

सर्व्हरवर उबंटू टाकतात, त्यातही एलटीएस म्हणजे लांब सपोर्टवाली आवृत्ती. पहिलं काम अपडेट. दुसरं काम बहुतेक लोक टाळतात आणि नंतर पस्तावतात. ते म्हणजे रूट या सर्वाधिकारी खात्याने थेट लॉगिन बंद करायचं, वेगळा युजर करायचा आणि पासवर्डऐवजी एसएसएच की वापरायची. नवा सर्व्हर इंटरनेटवर आला की थोड्याच वेळात जगभरातून आपोआप चालणारे प्रोग्राम त्याचा पासवर्ड ओळखायला बसतात. तुम्ही कर्जतमध्ये सहा खोल्या चालवता की बँक, याच्याशी त्यांना देणंघेणं नसतं. फायरवॉलमधून तीनच दारं उघडी ठेवायची. २२ क्रमांकाचं लॉगिनसाठी, ८० आणि ४४३ वेबसाठी.

मग येतो सॉफ्टवेअरचा पाया. एन्जिनएक्स किंवा अपाची हा वेब सर्व्हर, पीएचपी ही भाषा, मारियाडीबी हा डेटाबेस. डेटाबेसमध्ये बिलासाठी वेगळं नाव आणि वेगळा पासवर्ड करायचा. सॉफ्टवेअर उतरवून फोल्डरमध्ये ठेवायचं, फोल्डरची मालकी वेब सर्व्हरच्या युजरला द्यायची. इन्व्हॉइस निंजात एन्व्ह नावाची सेटिंगची फाइल असते, त्यात साइटचा पत्ता, डेटाबेसचा पासवर्ड आणि एक लांबलचक गुप्त की असते. या कीची प्रत सर्व्हरच्या बाहेर जपून ठेवा. ती हरवली तर या कीने कुलूपबंद केलेली माहिती बॅकअप असूनही उघडत नाही. ईआरपीनेक्स्टची रचना वेगळी आहे, ते पायथॉनवर चालतं आणि बेंच नावाच्या त्याच्याच साधनाने बसवतात. ज्यांना एवढं सगळं नको त्यांच्यासाठी डॉकर आहे, म्हणजे सगळे भाग आधीच बांधलेला डबा. उघडायचा आणि चालू करायचा.

डोमेनचा ए रेकॉर्ड सर्व्हरच्या आयपीकडे वळवला आणि लेट्स एन्क्रिप्टचं मोफत प्रमाणपत्र घेतलं की पत्त्यापुढे कुलूप दिसायला लागतं. हे प्रमाणपत्र ९० दिवसांचं असतं, म्हणून ते आपोआप नवं होण्याची सोय त्याच दिवशी करून ठेवायची.

इथपर्यंत सगळं जमतं आणि मग तीन ठिकाणी गाडी अडते. एक, क्रॉन. ठरलेल्या वेळी काम करणारा हा लिनक्सचा भाग चालू केला नाही तर आठवणीची ईमेल, दर महिन्याची आपोआप होणारी बिलं, काहीच निघत नाही. स्क्रीनवर मात्र सगळं ठीक दिसतं. दोन, ईमेल. बरेच व्हीपीएसवाले २५ क्रमांकाचं दार बंद ठेवतात, कारण स्पॅम तिथूनच जातं. त्यासाठी वेगळी मेल सेवा जोडावी लागते आणि डोमेनवर एसपीएफ, डीकेआयएमच्या नोंदी कराव्या लागतात. तीन, आपली मराठी. ग्राहकाचं नाव देवनागरीत टाकलं आणि पीडीएफमध्ये नुसते चौकोन आले, तर सॉफ्टवेअरला दोष देऊ नका. नव्या सर्व्हरवर देवनागरी फॉन्ट नसू शकतो. नोटो किंवा लोहितचा देवनागरी फॉन्ट सर्व्हरवर टाकून बघा, बऱ्याचदा तेवढ्यानेच भागतं.

हे सगळं एका संध्याकाळी होतं. खरी भानगड दुसऱ्या दिवशी पहिलं बिल करताना सुरू होते.

समजा, बंगळुरूच्या कंपनीने कर्जतच्या रिसॉर्टमध्ये टीमची सहल आणली. ग्राहकाचा जीएसटी क्रमांक कर्नाटकचा, म्हणून सॉफ्टवेअरने आयजीएसटी लावला. चुकलं. खोलीच्या बाबतीत आयजीएसटी कायद्याचं कलम १२(३) सांगतं की जागा जिथे आहे तिथेच सेवा दिली असं धरायचं. जागा कर्जतला, म्हणजे कर सीजीएसटी आणि एसजीएसटीच. याउलट खोपोलीच्या वर्कशॉपने वापीला माल पाठवला तर आयजीएसटी. ग्राहकाचा पत्ता बघून कर ठरवणारं सॉफ्टवेअर दुसऱ्या बिलात बरोबर येतं आणि पहिल्यात फसतं. रिसॉर्टवाल्याने ही सेटिंग हाताने बदलायलाच हवी.

दरांचंही तेच. २२ सप्टेंबर २०२५ पासून दिवसाला ७,५०० रुपयांपर्यंतच्या खोलीवरचा कर १२ टक्क्यांवरून ५ टक्के झाला, पण इनपुट क्रेडिट गेलं. क्लाउडवाल्या कंपन्यांना असा बदल आपल्या बाजूने करून देता येतो. तुमच्या सर्व्हरवर तो कोण करणार? तुम्हीच, आणि तोही त्या रात्री १२ च्या आत.

बिलाच्या क्रमांकाचा नियमही कडक आहे. नियम ४६ नुसार क्रमांक सलग हवा, १६ अक्षरांपेक्षा मोठा नको आणि त्या आर्थिक वर्षात पुन्हा यायला नको. आता हे चित्र बघा. बुधवारी रात्री सर्व्हर बिघडला, तुमच्याकडे सोमवारचा बॅकअप आहे. तो परत चढवला. मंगळवार-बुधवारची बिलं गेली, सॉफ्टवेअर सोमवारच्या पुढचा क्रमांक द्यायला लागलं, आणि त्याच क्रमांकाची जुनी बिलं ग्राहकांच्या ईमेलमध्ये पडून आहेत. एका क्रमांकाची दोन बिलं. ग्राहकाने इनपुट क्रेडिट घेतलं असेल तर त्याच्याकडूनही फोन येणार.

म्हणून बॅकअप रोजचा, शक्य असेल तर दर तासाचा, आणि त्याच मशीनवर अजिबात नको. डेटाबेस, अपलोड केलेल्या फाइल्स आणि ती गुप्त की, तिन्ही हवेत.

किती वर्षं? सीजीएसटी कायद्याचं कलम ३६ म्हणतं, वार्षिक रिटर्नच्या मुदतीपासून ७२ महिने. २०२४-२५ चं वार्षिक रिटर्न भरायची ठरलेली तारीख ३१ डिसेंबर २०२५. म्हणजे एप्रिल २०२४ मध्ये केलेलं बिल डिसेंबर २०३१ संपेपर्यंत दाखवता आलं पाहिजे. आणि त्याच एप्रिल २०२४ मध्ये आलेल्या उबंटू २४.०४ चा सर्वसाधारण सपोर्ट २०२९ मध्येच संपतो. बिलाचं आयुष्य ऑपरेटिंग सिस्टीमपेक्षा जास्त आहे. मध्ये किमान एकदा सगळं उचलून नव्या आवृत्तीवर न्यावं लागणार, हे पहिल्याच दिवशी गृहीत धरायचं.

प्रायव्हेट लिमिटेड असाल तर आणखी एक अट. १ एप्रिल २०२३ पासून कंपन्यांच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक बदलाची नोंद राहिली पाहिजे आणि ती बंद करता येता कामा नये. हिशेबाचा रोजचा बॅकअप भारतातल्या सर्व्हरवर हवा. स्वतःच्या सर्व्हरची गंमत अशी की रूटचा पासवर्ड ज्याच्याकडे आहे तो थेट डेटाबेसमध्ये शिरून कुठलंही बिल बदलू शकतो. ऑडिटर हे विचारणार. तो पासवर्ड कोणाकडे आहे याचं सरळ उत्तर तयार हवं.

मग हे करावं कोणी? वर्कशॉपमध्ये किंवा घरात लिनक्स समजणारा एक माणूस असेल, तो पुढची काही वर्षं इथेच राहणार असेल आणि महिन्याचे दोन तास देणार असेल, तर जरूर करावं. भाचा इंजिनिअरिंगला आहे, सुट्टीत बसवून देतो म्हणतोय, एवढ्या जोरावर मात्र नको. भाचा पुण्याला नोकरीला लागतो आणि सर्व्हर अपडेटशिवाय राहतो. अशांनी ॲपच वापरावं, फक्त दर महिन्याला सगळ्या बिलांची पीडीएफ आणि एक्सेल उतरवून स्वतःकडे ठेवावी. मधला मार्गही आहे. फ्रॅपेचंच फ्रॅपे बुक्स हे मोफत सॉफ्टवेअर साध्या कॉम्प्युटरवर, इंटरनेटशिवाय चालतं. सर्व्हरची भानगडच नाही. फाइलचा बॅकअप तेवढा घ्यायचा.

ज्यांचं ठरलंय त्यांनी मुहूर्त १ एप्रिलचा धरावा. नवं आर्थिक वर्ष, बिलांची नवी मालिका, जुन्या-नव्या क्रमांकांची सरमिसळ नाही. फेब्रुवारीत सर्व्हर उभा करायचा, मार्चभर खोटी बिलं करून बघायची, एक कर्नाटकच्या पाहुण्याचं आणि एक वापीच्या मालाचं, आणि ती सीएला दाखवायची. मग एक दिवस मुद्दाम दुसऱ्या मशीनवर बॅकअप चढवून त्यातलं एखादं बिल उघडायचं. उघडलं, आकडे जुळले, पीडीएफ निघाली, तर खरी बिलं सुरू करायची. जुन्या ॲपचं सबस्क्रिप्शन मात्र सगळी बिलं उतरवून झाल्याशिवाय बंद करायचं नाही.