पडदा कापण्याआधी एकदा धुऊन घ्या!
रेडिमेड पडदे साधारण ५, ७ आणि ९ फुटांचे मिळतात. तुमची खिडकी नेमकी त्याच मापाची असेल असं नाही (दुकानदार 'बसेल, बसेल' म्हणतोच). माप खिडकीच्या चौकटीपासून नव्हे, रॉडपासून घ्या. दाराचा पडदा लादीपासून अर्धा-एक इंच वर हवा. नाहीतर रोज फरशी पुसताना काठ भिजून काळा पडतो.

सुती कापड पहिल्या धुण्यात आटतं. म्हणून आधी धुवा, इस्त्री करा, रॉडवर टांगून टाचण्या लावा, मगच टेलरकडे न्या. जास्तीचं कापड सगळं कापू नका. तीन-चार इंच आत दुमडून शिवायला सांगा. भाड्याचं घर बदललं की तीच शिलाई उसवून पडदा लांब करता येतो. इस्त्रीने चिकटणारी टेपही मिळते, पण जड पडद्याला शिलाईच बरी.