दुसऱ्याच्या पैशाची खरेदी

काही वर्षांपूर्वी आमच्या शाळेला बाक घ्यायचे होते. खरेदी समितीत आम्हीही होतो. रिवाजाप्रमाणे तीन दरपत्रके टेबलावर आली. तीन लेटरहेड, तीन शिक्के, तीन वेगवेगळे दर. आम्ही मराठी शिकवतो, त्यामुळे शुद्धलेखनाच्या चुका न शोधताही दिसतात. तिन्ही कागदांवर 'टिकाऊ' हा शब्द 'टीकाउ' असा लिहिला होता. आम्ही ते पाहिले, मनाशी हसलो आणि सही केली. दुसऱ्या पावसाळ्यात बाकांच्या फळ्या फुगल्या.

यंदा रमजानमध्ये आमची एक माजी विद्यार्थिनी इफ्तारला आली होती. तिला हा किस्सा आम्ही गमतीने सांगितला. ती हसली नाही. म्हणाली, "टीचर, ती तीन दुकाने नव्हती, एकच दुकानदार होता. आणि तुम्हाला ते सही करतानाच कळले होते."

ही मुलगी नाशिक परिसरातल्या एका सरकारी कंपनीत खरेदी आणि करार विभागात आहे. इंजिनिअरिंग झाले, मग साहित्य व्यवस्थापनाची पदविका घेतली आणि भरती परीक्षा देऊन लागली. तिची अम्मी शेजारणींना "ऑफिसात असते" एवढेच सांगते. डॉक्टर, शिक्षक, पोलीस, तलाठी ही कामे आपल्या घरांना कळतात. सरकार वस्तू विकत घेते आणि ती खरेदी नियमाने करण्यासाठी जाणती माणसे लागतात, हे आपल्या मुलांना कोणी सांगतच नाही.

खरे तर नाशिककरांना हे सांगावे लागू नये. नाशिकरोडचा छापखाना हाच मुळात खरेदीच्या एका निर्णयातून उभा राहिला. हिंदुस्थानची टपाल तिकिटे एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून लंडनच्या डी ला रू कंपनीकडून छापून येत. बाहेरून घेणे बरे की इथेच छापणे, याचा हिशेब मांडला गेला आणि १९२५ मध्ये नाशिकला छपाई सुरू झाली. १९२८ मध्ये नोटांचा छापखानाही आला. गंमत अशी, की हीच कंपनी पुढे नोटांमधला सुरक्षा धागा पुरवण्यासाठी पुन्हा आपल्या देशात आली. त्या धाग्याच्या मुदत संपलेल्या कराराला नियमबाह्य मुदतवाढ दिली, असा गुन्हा सीबीआयने २०२३ मध्ये नोंदवला. तो आरोप आहे, निकाल नव्हे. पण एका तारखेला किती वजन असते, ते त्यावरून कळावे.

नोटा, ओझरच्या विमान कारखान्याचे सुटे भाग, महापालिकेचे पाइप, २०२७ च्या सिंहस्थाचे रस्ते आणि घाट, या सगळ्यामागे निविदा असते. वर्तमानपत्रातली ती बारीक अक्षरांची जाहिरात आपण उलटून टाकतो. ती लिहिणे हे या मुलीचे काम.

आम्हाला वाटत होते, की लिफाफे उघडायचे आणि सर्वांत स्वस्त त्याला ऑर्डर द्यायची, झाले. ती म्हणाली, "टीचर, लिफाफा उघडेपर्यंत खेळ संपलेला असतो." बेइमानी करायची तर ती वस्तूचे वर्णन लिहितानाच होते. कपाट हवे, तर पत्रा किती जाडीचा, कप्पे किती, रंग कसा दिलेला, एवढे लिहिणे रास्त. पण एखादे असे माप घालायचे, की ते शहरात एकाच कारखान्यात बनते, म्हणजे बाकीचे आपोआप बाद. कागदावर स्पर्धा, प्रत्यक्षात एकच खेळाडू. दुसरी युक्ती म्हणजे मागणीचे तुकडे करणे. केंद्र सरकारच्या २०१७ च्या सामान्य वित्तीय नियमांनुसार ठरावीक रकमेच्या किंवा त्याहून मोठ्या खरेदीला एरवी जाहीर निविदा लागते. मग काही जण एकच मोठी खरेदी चार लहान खरेद्यांत वाटतात. नियमांनी हे स्पष्ट मना केले आहे.

मोठ्या खरेदीत बहुधा दोन लिफाफे असतात. आधी तांत्रिक उघडतो. त्यात जो टिकेल, त्याचाच दराचा लिफाफा उघडायचा. दर उघडल्यावर घासाघीस करायची नाही. अपवाद म्हणून केलीच तर फक्त सर्वांत कमी दरवाल्याशी, अशी केंद्रीय दक्षता आयोगाची २००७ पासूनची ताकीद आहे. आम्हाला हे विचित्र वाटले. भद्रकालीच्या बाजारात घासाघीस न करता भाजी घेणारी बाई आम्ही पाहिलेली नाही. पण तिचे म्हणणे असे, की घरचा पैसा आपला असतो, तिथे घासाघीस हुशारी ठरते. परक्याच्या पैशात तीच घासाघीस बंद खोलीत झाली, की तिथे काय ठरले ते कोणालाच कळत नाही.

बयाणा, सुरक्षा अनामत, उशीर झाला तर दंड, हे सगळे ती आम्हाला समजावत होती आणि आमचे लक्ष शब्दांकडे गेले. करार अरबीतून आला, जामीन अरबीतून आला आणि 'अनामत' म्हणजे तर आपली 'अमानत'च, मराठीच्या जिभेवर अक्षरे उलटलेली. सूरह बकराची २८२ वी आयत ही कुरआनातली सर्वांत मोठी आयत, आणि तिचा विषय आहे देण्याघेण्याचा व्यवहार लिहून ठेवणे. रक्कम लहान असो वा मोठी, लिहिण्याचा कंटाळा करू नका, असा तिचा आशय आहे. आम्ही ती कितीदा पढलो असू, पण तिला फायलीशी कधी जोडले नव्हते.

आता या मुलीच्या घरातली गोष्ट. तिच्या मामूंचे अंबडला फॅब्रिकेशनचे छोटे वर्कशॉप आहे. तिच्या कंपनीने लोखंडी रॅकची निविदा काढली. मामूंनी फोन केला, "बेटा, अंदाज किती धरलाय, तेवढेच सांग." तिने सांगितले नाही. उलट दुसऱ्या दिवशी कार्यालयाला लेखी कळवले, की माझे नातेवाईक यात दर भरणार आहेत, मला या फायलीतून वेगळे करा. हितसंबंध असे उघड करणे नियमांत आहेच. तिला वेगळे केले. पुढे मामूंचा तांत्रिक लिफाफा अनुभवाचा दाखला नसल्यामुळे बाद झाला. तो निर्णय इतरांचा होता. पण मामूंनी धरून ठेवले, की भाचीनेच पाडले. ईदला ते आले नाहीत. शीरखुर्म्याचा डबा पाठवला, तो परत आला. अम्मी लेकीला म्हणते, "तुझ्या नोकरीने माझा भाऊ नेला."

आम्ही विचारले, पस्तावतेस का? ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "मामूंना फोनवर जे विचारायचे होते, त्यातले निम्मे निविदापूर्व बैठकीत सगळ्यांसमोर विचारता आले असते. तिथे कोणीही येऊ शकतो. ते आलेच नाहीत."

जकात गोळा करायला गेलेल्या एका माणसाने परतल्यावर, हे तुमचे आणि हे मला भेट मिळालेले, असे म्हटले. तेव्हा हा आपल्या आईबापाच्या घरी बसला असता तर ही भेट आली असती का, अशा अर्थाचा सवाल पैगंबर मुहम्मद (सल्ल.) यांनी केला. दिवाळीला पुरवठादारांचे मिठाईचे डबे येतात, तेव्हा ही हदीस आठवते, असे ती म्हणाली. डबा परत करणे सोपे. मामूंचा फोन अवघड.

मामूंसारख्या लहान कारागिरांसाठी काही रास्त वाटाही आहेत, त्या आपल्या वस्त्यांत फार कमी जणांना ठाऊक आहेत. २०१२ च्या धोरणानुसार केंद्राच्या खात्यांनी आणि कंपन्यांनी वर्षाच्या खरेदीतला २५ टक्के हिस्सा सूक्ष्म व लघु उद्योगांकडून घ्यायचा असतो, त्यातला ३ टक्के महिलांच्या उद्योगांकडून. अशा उद्योगांना बयाणा रक्कम माफ असते. उद्यम नोंदणीला पैसे लागत नाहीत. २०१६ पासून सरकारचा 'जेम' हा ऑनलाइन बाजार आहे. शिलाईकाम करणारी आपली एखादी बहीणही त्यावर नाव नोंदवू शकते. हे सारे त्या मुलीने आम्हाला एका कागदावर लिहून दिले, आणि एक प्रत मामूंच्या मुलाकडे पोहोचवायला सांगितली. आम्ही पोहोचवली. त्याने घेतली.

जूनमध्ये शाळेला कपाटे घ्यायची होती. समितीत आम्ही पुन्हा होतो. या वेळी दारावर सूचना लावली, बंद लिफाफे मागवले, शुक्रवारी चारपर्यंत. ओळखीचे एक दुकानदार चार वाजून वीस मिनिटांनी लिफाफा घेऊन आले. आम्ही त्यावर वेळ लिहिली आणि न उघडता परत दिला. मुख्याध्यापक काही बोलले नाहीत. दुकानदार मात्र बरेच बोलले.