टोमॅटोला छप्पर हवं, गुंडाळी नको

पावसाळ्यात परसातला किंवा गच्चीवरचा टोमॅटो जगवण्यासाठी लोक जिवापाड धडपडतात. कुणी दुधाच्या पिशव्या जोडून झाडाला खोळ शिवतं, कुणी घर शाकारून उरलेली निळी ताडपत्री चारी बाजूंनी जमिनीपर्यंत सोडतं, कुणी जुनी साडी पांघरतं. एवढं करूनही पंधरवड्यात पानं काळवंडून गळतात आणि मग घरात ठरून जातं, की पावसाळ्यात टोमॅटो येत नाही. तो येतो, आणि घरी बनवलेलं आच्छादन त्याला पुरतं. मात्र ते आच्छादन नेमकं कशापासून वाचवतं, याबद्दलच्या आपल्या समजुती आधी तपासायला हव्यात.

«पाणी पडलं की पान सडतं»

बाकीच्या चुका या एका समजुतीतून निघतात. थेंब पडला म्हणून पान सडत नाही. करप्याचे बीजाणू पानावर रुजायला पाण्याचा पातळ थर काही तास सलग टिकावा लागतो. तो त्याआधी वाळला, तर बरेचसे बीजाणू तिथेच मरतात. सफरचंदाच्या स्कॅब रोगासाठी अमेरिकेत डब्ल्यू. डी. मिल्स यांनी १९४४ साली एक तक्ता मांडला. साधारण १८ ते २४ अंश तापमानात पान सुमारे ९ तास ओलं राहिलं की लागण होते आणि हवा थंड असेल तर आणखी तास लागतात, असं तो सांगतो. टोमॅटो आणि बटाट्यावरच्या उशिराच्या करप्याचंही तसंच आहे. आयर्लंडमध्ये १८४५ पासून दुष्काळ आणला तो याच करप्याने. त्याची पूर्वसूचना देण्यासाठी ब्रिटनमध्ये १९५६ पासून स्मिथ यांचा नियम वापरात होता: लागोपाठ दोन दिवस किमान तापमान १० अंश किंवा जास्त, आणि दोन्ही दिवशी निदान ११ तास हवेतली आर्द्रता ९० टक्के किंवा त्याहून अधिक. २०१७ मध्ये त्याची जागा हटन निकषांनी घेतली आणि ११ तासांचे ६ तास झाले. या दोन्ही नियमांत पाऊस किती मिलिमीटर पडला हे विचारलेलंच नाही.

याचा आपल्या अंगणातला अर्थ सरळ आहे. दुपारी सर येऊन गेली आणि तासाभरात वाऱ्याने पानं सुकली, तर काळजीचं फारसं कारण नाही. संध्याकाळी भिजलेलं झाड कोंदट जागी रात्रभर ओलं राहिलं, तर मात्र आहे. पान लवकर वाळावं, हे आच्छादनाचं काम. पाणी अडवणं हा त्या कामाचा फक्त अर्धा भाग.

«जितकं घट्ट, तितकं सुरक्षित»

झाड मुळांनी घेतलेलं बहुतेक पाणी पानांवाटे वाफ करून सोडतं. ती वाफ बंद प्लास्टिकच्या आतल्या बाजूला थंड होऊन थेंब धरते आणि पुन्हा पानांवर गळते. बाहेर कोरडी हवा असतानाही आतलं झाड ओलंच राहतं. खोळ घातलेली झाडं उघड्या झाडांपेक्षा आधी जातात, त्याचं कारण हेच. छप्पर वर असावं, शेंड्यापासून निदान दीड-दोन फूट उंच, आणि बाजू मोकळ्या. कोकणात पाऊस आडवा मारतो म्हणून वाऱ्याच्या, म्हणजे बहुधा नैर्ऋत्येच्या, बाजूला कंबरेइतका पडदा लावायला हरकत नाही, पण त्याच्या वर आणि खाली हवेला वाट ठेवावी. छप्पर वाफ्याच्या कडेबाहेर सगळीकडून फूटभर तरी आलं पाहिजे. उघड्या आकाशाखाली रात्री पान थंड होऊन त्यावर दव पडतं. नुसत्या छपराने तेही बरंच कमी होतं.

इथे कुणी पोफळीच्या बागेचा दाखला देईल आणि तो रास्त आहे. कोळेरोगापासून सुपारी वाचवण्यासाठी कर्नाटकातल्या मलनाडमध्ये पावसाळ्याआधी घडांवर टोपी चढवतात. पूर्वी ती पोफळीच्या पोयीची किंवा गवताची करत, आता प्लास्टिकच्या पिशवीची करतात. तिला तिकडे कोट्टे म्हणतात. उंच, सरळसोट झाडावर चढून प्रत्येक घडाला ती बांधणं हे जिवावरचं काम आहे आणि ते करणाऱ्यांबद्दल मला फार आदर वाटतो. पण ही टोपी कशी असते ते बघा: वर आवळलेली, खाली सताड उघडी. पाणी घडात शिरत नाही, आतली वाफ खालून निघून जाते. शिवाय ती झाकते फळं, श्वास घेणारी हिरवी पानं झाकत नाही. म्हणजे आकाराने पिशवी असली तरी तीही छप्परच आहे.

«चार काठ्या आणि एक प्लास्टिक, झालं»

एक चौरस मीटरवर १ मिलिमीटर पाऊस पडला की १ लिटर पाणी होतं. दोन मीटर लांब आणि दीड मीटर रुंद छपरावर ५० मिलिमीटर पडला तर १५० लिटर, म्हणजे दीडशे किलो वजन. सपाट ताणलेल्या प्लास्टिकला जरा झोळ पडला की त्यात पाणी साचतं, झोळ वाढतो, आणखी पाणी येतं आणि सगळा डोलारा झाडावर कोसळतो. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. एवढ्याशा छपरावर त्या दिवशी २,८०० लिटरहून जास्त पाणी पडलं असतं. छपराला उतार हवाच. मधे उंच वासा आणि दोन्हीकडे उतार, किंवा बांबूच्या कामट्या कमानीसारख्या वाकवून त्यावर प्लास्टिक. कामट्यांची टोकं आणि गाठी टोचतात, तिथे जुन्या कापडाची पट्टी गुंडाळली की प्लास्टिक फाटत नाही.

आता पागोळ्या. छपरावरचं सगळं पाणी कडेने खाली येतं आणि ते नेमकं वाफ्याच्या काठावर पडत असेल, तर मुळांच्या दृष्टीने छप्पर नसल्यातच जमा. कडेखाली वीतभर खोल चर काढून पाणी लांब न्यावं. गच्चीवर अर्ध्या चिरलेल्या पीव्हीसी पाइपची पन्हळ पुरते.

«कुठलंही कापड चालतं»

शेडनेट पाऊस अडवत नाही. थेंबाचा मार तेवढा कमी होतो, पाणी आत येतंच, आणि जाळी ओली राहून नंतरही ठिबकत बसते. पावसाळी ढगांनी आधीच उजेड कमी केलेला असतो. त्यात जाळीने तो आणखी घटला की टोमॅटो नुसता उंच, लुकडा होतो आणि फुलं गळतात. साडीचंही तेच. निळी ताडपत्री पाणी अडवते खरी, पण उजेडही अडवते. पारदर्शक प्लास्टिक घ्या आणि जमलं तर पॉलिहाउसला वापरतात तसलं, अतिनील किरणांना टिकणारं, २०० मायक्रॉनचं. साधं पातळ प्लास्टिक काही महिन्यांत उन्हाने कडक होऊन तुकड्यातुकड्यांनी मातीत मिसळतं, आणि ते वेचून काढणं अशक्य होतं.

«छप्पर घातलं, आता रोग नाही»

छपराखाली करपा कमी होतो, भुरी वाढू शकते. पानावर पांढरी पिठासारखी पसरणारी ही बुरशी बाकीच्यांहून वेगळी. तिला रुजायला पाण्याचा थर लागत नाही, उलट पावसाच्या माराने ती धुतली जाते. द्राक्षबागेतही प्लास्टिकखाली केवडा हा रोग आटोक्यात येतो आणि भुरीवर लक्ष ठेवावं लागतं. पान उलटून बघायची सवय म्हणून सोडायची नाही.

दुसरी वाट जमिनीतून. पावसाचा थेंब उघड्या मातीवर आपटला की चिखलाचे शिंतोडे खालच्या पानांवर उडतात आणि त्यांतून बुरशी आणि जिवाणू वर चढतात. पहिला डाग बहुतेक वेळा सगळ्यांत खालच्या पानावर दिसतो तो म्हणूनच. बुंध्याभोवती भाताच्या पेंढ्याचा चार बोटं जाड थर घालावा आणि जमिनीपासून फूटभर उंचीपर्यंतची पानं काढून टाकावीत. मला विचाराल तर हे दोन उपाय छपराच्या तोडीचे आहेत, आणि फुकटात होतात.

मर रोगापुढे मात्र छप्पर हतबल आहे. हिरवंगार झाड दोन-तीन दिवसांत उभ्या उभ्या माना टाकतं, तेव्हा दोष पावसाला देऊन भागत नाही. खोडाचा बुंध्याजवळचा तुकडा कापून स्वच्छ पाण्याच्या ग्लासात उभा धरावा. काही मिनिटांत कापलेल्या टोकातून दुधासारखी पांढरी धार उतरली, तर तो जिवाणूजन्य मर आहे आणि तो मातीत मुक्कामाला असतो. त्या जागी टोमॅटो, वांगी, मिरची पुन्हा लावू नये. कुंडीत नवी माती घ्यावी किंवा बेंगळुरूच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेच्या अर्का रक्षकसारखी, मर सहन करणारी जात निवडावी.

«पावसाळ्यात पाणी कशाला घालायचं?»

बाहेर धो धो कोसळत असतं आणि छपराखालची कुंडी तहानलेली असते, हे लक्षातच येत नाही. मग चार दिवसांनी कोमेजलेलं झाड बघून बादलीभर पाणी ओतलं जातं, आणि पिकायला आलेले टोमॅटो तडकतात. सालीची वाढ थांबलेली असते, आतला गर अचानक पाणी ओढून फुगतो. फळ पावसात भिजल्यानेच तडकतं ही समजूत अर्धीच खरी. सालीतून पाणी शिरतं, तसंच ते मुळांतूनही येतं. रोज सकाळी बोट मातीत दोन पेरं घालून बघावं आणि थोडं थोडं पाणी बुंध्याशी द्यावं, पानांवर नव्हे.

फवारणीचं एवढंच सांगतो. मिलार्दे या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८८५ मध्ये जगापुढे ठेवलेलं बोर्डो मिश्रण अजून उपयोगी आहे. एक टक्क्याच्या मिश्रणाला १ किलो मोरचूद, १ किलो चुना आणि १०० लिटर पाणी लागतं, म्हणजे लिटरला दहा-दहा ग्रॅम. भांडं प्लास्टिकचं किंवा मातीचं घ्यावं, लोखंडाचं नको. तयार मिश्रणात लोखंडी सुरीचं पातं बुडवावं. त्यावर तांबूस थर चढला तर मोरचूद मोकळं राहिलेलं आहे, ते पान जाळेल, आणखी चुना हवा. हे मिश्रण ताजंच वापरायचं आणि रोग यायच्या आधी. डाग पडलेलं पान ते बरं करत नाही. फवारल्यानंतर पिकलेली फळं तोडण्याआधी काही दिवस जाऊ द्यावेत आणि ती नीट धुऊन खावीत.

छप्पर काढायची वेळही ठरलेली हवी. परतीचा पाऊस संपून ऑक्टोबरचं ऊन तापलं की पारदर्शक प्लास्टिकखाली हवा भट्टीसारखी होते आणि फुलं फळ न धरता गळतात. लागोपाठ आठवडाभर कोरडा गेला की प्लास्टिक उतरवावं, पण ढगाळ दिवशी किंवा संध्याकाळी. सावलीला सरावलेली पानं आणि फळं एकदम दुपारच्या उन्हात उघडी पडली तर भाजतात.