नासार्श आणि अ‍ॅस्पिरिनचें वावडें

पडसें हा आपल्या घरांतील इतका नित्याचा पाहुणा आहे कीं, त्याकडे कोणी फारसें लक्ष देत नाहीं. परंतु १२ आठवडे लोटले तरी नाक चोंदलेलेंच राहिलें, वास येईनासा झाला व कपाळ आणि गाल जड वाटूं लागले, तर तो नाकाभोंवतालच्या अस्थिविवरांचा जुनाट दाह असण्याचा संभव असतो. या दाहांत कित्येकांच्या नाकांत द्राक्षाच्या मण्यासारखे मऊ, फिकट मोड येतात. ‘नाकांत मांस वाढलें’ असें लोक म्हणतात. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रांत नासारोग मोजतांना ज्या अर्शाचा उल्लेख येतो, तो याच जातीचा विकार होय.

हे मोड असणाऱ्या रोग्यांपैकीं सुमारें दहांत एकास अ‍ॅस्पिरिनचें वावडें असतें. अशांना बहुधा दमाही असतो. फ्रान्समधील वैद्य फर्नां विडाल यांनीं १९२२ मध्यें ही त्रयी वर्णन केली. तिचें कारण मात्र पुढें अर्ध्या शतकानें उमगूं लागलें. १९७१ मध्यें जॉन व्हेन यांनीं इंग्लंडांत अ‍ॅस्पिरिनच्या कार्याचें मर्म उकललें. त्या शोधाबद्दल १९८२ चें नोबेल पारितोषिक त्यांना इतर दोघांसह मिळालें.

हें मर्म समजण्यास एन्झाइम म्हणजे काय तें जाणलें पाहिजे. शरीरांतील रासायनिक क्रिया त्वरेनें घडवून आणणाऱ्या द्रव्यास एन्झाइम अथवा विकर म्हणतात. पेशींच्या आवरणांतून अ‍ॅराकिडोनिक नांवाचें मेदाम्ल सुटतें. एक विकर, सायक्लोऑक्सिजिनेज, त्यापासून प्रोस्टाग्लँडिनें तयार करितें. दुसरें, लायपॉक्सिजिनेज, ल्यूकोट्राइनें तयार करितें. ल्यूकोट्राइनांनीं नाकाचें अस्तर सुजतें, शेंबूड वाढतो व श्वासनलिका आवळतात. प्रोस्टाग्लँडिनांपैकीं एक या दुसऱ्या विकरास आवर घालीत असतें. अ‍ॅस्पिरिन पहिल्या विकरास निकामी करितें. त्याबरोबर तो आवरही नाहींसा होतो. निरोगी मनुष्यास त्याची बाधा होत नाहीं. परंतु या रोग्यांत ल्यूकोट्राइनें मुळांतच अधिक असतात. तीं एकदम उसळतात, आणि गोळी घेतल्यापासून बहुधा अर्ध्या ते तीन तासांत नाक गच्च होऊन दम्याचा झटका येतो. प्रसंगीं तो जिवावरही बेततो.

शस्त्रक्रियेनें मोड काढले तरी विकरांचा हा बिघाड तसाच राहतो. म्हणून या रोग्यांत ते वारंवार उगवतात. मिठाच्या कोमट, शुद्ध पाण्यानें नाक धुणें आणि वैद्यानें दिलेला फवारा नित्य वापरणें, यांत कंटाळा करूं नये. ल्यूकोट्राइनांस अडविणारीं औषधेंही आतां उपलब्ध आहेत. आश्चर्य असें कीं, रुग्णालयांत तज्ज्ञांच्या देखरेखीखालीं अ‍ॅस्पिरिनच अल्प मात्रेपासून वाढवीत नेऊन कित्येकांचें वावडें घालवितां येतें. तो प्रयोग घरीं मात्र कदापि करूं नये.

गृहिणींनीं एवढें अवश्य ध्यानांत ठेवावें. ज्याच्या नाकांत मोड आहेत व ज्यास दमा आहे, त्यास डोकेदुखीवर वैद्यास विचारल्यावांचून गोळी देऊं नये. आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक इत्यादि औषधेंही त्याच विकरास अडवितात. त्यामुळें केवळ नांव निराळें आहे म्हणून गोळी निर्धोक ठरत नाहीं. आणि पूर्वीं एखाद्या गोळीनें त्रास झाला असल्यास तिचें नांव कागदावर लिहून औषधांच्या डब्यांतच ठेवावें.