दुर्बिणीला लेखी हुकूम

लडाखमध्ये हानले नावाचे गाव आहे. त्याच्याजवळ ४,५०० मीटर उंचीवर एक मोठी दुर्बीण आहे. तिचा आरसा २ मीटर रुंद. २००० साली तिने पहिल्यांदा आकाश पाहिले.

तिथे ढग कमी, हवा कोरडी. तारे लख्ख दिसतात. पण हवा विरळ, थोडे चढले की धाप लागते. थंडी तर विचारूच नका! मग रात्रभर दुर्बीण फिरवायची कोणी?

शास्त्रज्ञ ती फिरवतात २,००० किलोमीटरांहून लांब, बंगळूरजवळच्या होसकोटे गावी बसून! संगणकाच्या कळा दाबून ते हुकूम लिहितात. उपग्रहामार्फत तो हानलेला पोचतो. हुकुमात ताऱ्याचा पत्ता असतो. आपल्या पत्त्यात गाव नि गल्ली, ताऱ्याच्या पत्त्यात दोन आकडे. दुर्बीण तिकडे वळते. पृथ्वी फिरते, म्हणून तारा सरकताना दिसतो. दुर्बीणही त्याच्यामागे हळूहळू वळत राहते.

आकडा चुकला तर? दुर्बीण मुकाट्याने भलतीकडेच बघेल. मोलाची रात्र वाया जाईल. तिला लिहिलेले कळते, मनातले कळत नाही.

म्हणून आपण लिहिलेले आपणच पुन्हा एकदा वाचावे. मग तो अर्ज असो, मनिऑर्डर असो, की ताऱ्याचा पत्ता!